सरकलेली खिडकी

इमारतींच्या फोटोंवर लाल रेघा ओढायला शिकवणं हा माझा पेशा आहे. कुणी विचारलं तर मी 'आर्किटेक्चर शिकवते' असं सांगते, कारण ते ऐकल्यावर लोक आदराने मान हलवतात आणि विषय बदलतात. खरं म्हणजे घर बांधायचं कसं, हे मी शिकवत नाही. घर दिसतं कसं, एवढंच शिकवते. त्याचा अक्ष कुठून जातो, दोन्ही बाजू तोलतात का, खिडक्यांची लय कुठे तुटते, भिंत किती आणि पोकळी किती, बघणाऱ्याची नजर आधी कुठे जाते आणि मग कुठे. आमच्या अभ्यासक्रमात याला दृश्यरचनेचं विश्लेषण म्हणतात. बारा वर्षं शिकवल्यावर मी एवढं खात्रीने सांगू शकते, की या विषयाच्या जोरावर जगातली कोणतीही इमारत सुंदर ठरवता येते, आणि मध्ये एक चहा पिऊन आलं की तीच कुरूपही ठरवता येते.

साताऱ्याहून म्हैसूरला मी आले ती नवऱ्यामागून. त्याला इथल्या हेब्बाळ भागातल्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायची नोकरी लागली. रोज सकाळी कंपनीच्या बसने जायचं आणि दिवसभर मोजपट्ट्या लावत बसायचं. केसाएवढी चूक निघाली तरी हा माणूस अख्खा खोका परत पाठवतो. मी जयलक्ष्मीपुरममधल्या एका खासगी कॉलेजात लागले. आमच्याकडे चूक नावाची गोष्टच नसते, फक्त 'वेगळा दृष्टिकोन' असतो. त्यामुळे संध्याकाळी जेवताना आम्हा दोघांना एकमेकांच्या कामाची कीव येते आणि संसार सुरळीत चालतो.

दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी एक काम देते. शहरातल्या एका इमारतीचा दर्शनी भाग निवडा, मोजून काढा आणि त्याच्या रचनेचं विश्लेषण करा. पहिल्या वर्षी अर्ध्याहून अधिक वर्गाने राजवाडा निवडला. राजवाड्याची डावी बाजू काढली की उजवी उलटी करून चिकटवता येते, त्यामुळे काम निम्मं होतं. मी राजवाड्यावर बंदी घातली. मग सगळे घड्याळाच्या मनोऱ्याकडे वळले. त्याच्या चारही बाजू सारख्याच, म्हणजे काम पावच. त्यावरही बंदी घातली. तिसऱ्या वर्षापासून मी नियम केला, की इमारत अशी पाहिजे जिचा फोटो पोस्टकार्डावर नाही.

चार वर्षांपूर्वीच्या त्या वर्गात एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. एकदा माझं व्याख्यान दहा मिनिटं लांबलं तेव्हा मागून दबक्या आवाजात आलं, "अय्यो देवा, हे कधी संपतंय." त्यामुळे मला कळलं की ही आपल्या भाषेतली. तिचे पूर्वज कापड रंगवायचं आणि छापायचं काम करायचे, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले आणि लष्कर मोहल्ल्यात स्थिरावले. ती वडलांबरोबर गोकुळमच्या बाजूला राहायची, पण वडिलोपार्जित घर मोहल्ल्यातच होतं आणि तिथे तिचे थोरले काका आणि आत्या राहायचे. तिने कामासाठी तेच घर निवडलं.

फोटो पाहिल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. दोन मजली, अरुंद, चुन्याचं घर. खाली तीन दारं, वर त्यांच्या बरोब्बर डोक्यावर तीन उंच खिडक्या, मधल्या खिडकीवर चुन्यात काढलेलं कमळ. इतकी चोख मांडणी की पाठ्यपुस्तकात छापावी. आणि मग एक चौथी खिडकी. लहान, चौकोनी, मधल्या आणि उजव्या खिडकीच्या मध्ये, पण मधोमध नाही. उजवीला जवळजवळ चिकटलेली आणि बाकीच्यांपेक्षा पुष्कळ खाली. वरची खिडकी कुणाच्या हातातून निसटून तिथे येऊन अडकली असावी, अशी.

मुलीने खाली विश्लेषण लिहिलं होतं, एक वाक्य. 'ही खिडकी चुकली आहे.'

"चुकली आहे असं लिहायचं नसतं," मी म्हणाले.

"मग काय लिहायचं, मॅम?"

"का चुकलेली वाटते ते शोधायचं. आणि शोधलं की ती चुकलेली राहत नाही."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते लगेच वहीत टिपून ठेवलं. मुलीने नुसतं "ओके" म्हटलं. तिने ती खिडकी सोडून दिली. मी काही सोडली नाही.

पुढचे दोन महिने मी त्या घराच्या प्रेमात होते. चार वेळा लष्कर मोहल्ल्यात गेले. समोरच्या बेकरीच्या पायरीवर उभी राहून, हातात चहा घेऊन, एक डोळा मिटून पेन्सिल आडवी धरायचे आणि मापं घ्यायचे. मोहल्ल्यात रिक्षा, हातगाड्या, लोखंड कापणारे, पत्रा ठोकणारे, सगळे माझ्या आणि त्या दर्शनी भागाच्या मधून जात होते आणि मला त्यांचा राग येत होता. रस्ता मोकळा असता तर रचना किती स्वच्छ दिसली असती.

घराच्या तळमजल्यावर मुलीचे काका शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. साठीचे, जाड काचेचा चष्मा, हाताला कायम तेल. मी तिसऱ्यांदा दिसल्यावर ते रस्ता ओलांडून आले.

"तुम्ही आमच्या पोरीच्या मॅडम ना? इथं सुम्ने, उगाच उभं कशाला? आत या, कॉफी घ्या, वर बघा पाहिजे तर."

"नको काका," मी म्हणाले. "मला बाहेरूनच बघायचंय."

"हौदा?" ते म्हणाले, म्हणजे 'असं का?' त्यांनी वर आपल्या घराकडे एकदा नीट बघितलं, काही नवीन उगवलंय का ते तपासल्यासारखं, आणि परत जाऊन मशिन उघडलं.

शेवटी मला सापडलं. डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरकी रेघ काढली आणि कमळाच्या खालच्या टोकातून दुसरी, तर दोन्ही त्या लहान खिडकीत एकमेकींना छेदत होत्या. त्यातून सुवर्ण गुणोत्तर निघत होतं. मी ते घरी नवऱ्याला दाखवलं. त्याने कागद दिव्याखाली धरला.

"रेघ किती जाडीची आहे?" त्याने विचारलं.

"मार्करची आहे. का?"

"नाही, एवढ्या जाडीत शेजारचं घरही बसेल."

मी कागद काढून घेतला. सुट्या भागांच्या माणसाला सौंदर्य समजावण्यात अर्थ नव्हता.

त्या वर्षी आमच्या कॉलेजात शहरातल्या जुन्या घरांवर एक दिवसाचं चर्चासत्र होतं. प्राचार्यांना माझा विषय फार आवडला. मी व्याख्यानाला नाव दिलं, 'असमतोलातला समतोल'. घरमालकांना बोलवावं म्हणजे फोटो चांगले येतील, असं प्राचार्यांनी सुचवलं. मुलीने मान खाली घालून सांगितलं, "काका येतील. आत्याला पण यायचंय, मॅम. पण तिला खुर्चीतून आणायला लागेल." मी म्हटलं, अवश्य आणा. आत्याबद्दल आणखी काही विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही.

सभागृहात पहिल्या रांगेत काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शेजारी चाकांच्या खुर्चीत आत्या, पासष्टीच्या, बारीक, काळ्या काठाची सुती साडी आणि पांढऱ्या केसांत अबोलीचा गजरा. मी पडद्यावर घराचा मोठा फोटो लावला. आत्यांनी काकांचा दंड धरला आणि त्या पुढे वाकल्या. मला वाटलं, माझ्या विश्लेषणाचा परिणाम. अजून मी तोंडही उघडलं नव्हतं.

मी पस्तीस मिनिटं बोलले. सममितीचा ताठरपणा, तो मोडणारा एकच सूर, अनामिक कारागिराची धीट सौंदर्यदृष्टी. लाल रेघा एकामागून एक पडद्यावर उतरल्या आणि खिडकीत येऊन मिळाल्या. त्या लहान खिडकीची खालची कड बाहेरच्या बाजूला उतरती केलेली होती, सपाट नव्हती. त्यावर मी स्वतंत्र पाच मिनिटं दिली. म्हटलं, ही सावलीची रेघ आहे, दर्शनी भागाला खोली यावी म्हणून कारागिराने जाणूनबुजून दिलेली. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

काकांनी हात वर केला.

"प्रश्न नाही," ते उभे राहून म्हणाले. "मॅडम फार चांगलं बोलल्या. पण ते खिडकी आमच्या अक्कासाठी केली. बेरे काही कारण नाही."

सभागृह हसलं. मीही हसले, कारण मला कळलं नव्हतं. मग आत्या बोलू लागल्या. आवाज बारीक होता, त्यामुळे कुणीतरी त्यांच्यापुढे माइक धरला. थोडं मराठी, थोडं कन्नड, जसं त्यांच्या घरी बोलतात तसं.

"मी नऊ वर्षांची असताना गच्चीवरनं पडले. रंगवलेलं कापड वाळत घालायला गेलते. कंबर गेली, पाय गेले. खालच्या मजल्यावर रंगाची भट्टी, वाफ, सगळं ओलं. म्हणून बापानं खाट वर टाकली. वर तुळईला एक दोर बांधला, तो धरून मी उठून बसायची. मोठ्या खिडक्या होत्या, पण खाटेवरनं त्यातनं आभाळच दिसायचं. आभाळ किती बघायचं, नोडि? मी रडायची. मग एक दिवशी बाप खडू घेऊन आला. मला पडून राहायला सांगितलं, एक डोळा झाक म्हणाला, डोळ्यापासनं भिंतीपर्यंत सुतळी धरली आणि भिंतीवर फुली मारली. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. भोक पाडलं. तरी रस्ता दिसेना, समोरचं घरच दिसे. मग बापानं खालची कड तासून उतरती केली. तेव्हा रस्ता दिसला."

"तुळई तिथंच होती," काकांनी पुरवणी जोडली. "दोर तिथं, म्हणून खाट तिथं. खाट तिथं, म्हणून खिडकी तिथं. मधोमध कशी येईल?"

आत्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "पण घर बाहेरनं इतकं छान दिसतं हे माहीत नव्हतं. कधी समोरनं नीट बघितलंच नाही. वर-खाली नेताना मी डोळे मिटूनच घेते."

त्या क्षणी एखाद्या सभ्य बाईने काय केलं असतं? माइक खाली ठेवला असता, बहुधा. मी आठ वर्षांची अनुभवी प्राध्यापक. मी म्हणाले, "अगदी बरोबर! म्हणजे बघा, गरजेतून जन्मलेली गोष्टही नकळत सौंदर्याचे नियम पाळते. माझा मुद्दा यामुळे अधिकच पक्का होतो." पुन्हा टाळ्या पडल्या. आत्यांनीही वाजवल्या. फक्त शेवटच्या रांगेत ती मुलगी हाताची घडी घालून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. विद्यार्थ्यांनी शिक्षकांकडे तसं बघू नये.

त्या आठवड्यात मी वर्गात नीट शिकवू शकले नाही. शनिवारी मी त्या घरी गेले, आणि पहिल्यांदा आत. जिना इतका उभा आणि अरुंद होता, की आत्यांना त्या चर्चासत्रासाठी तिथून उतरवलं कसं, या विचारानेच मला घाम फुटला. काकांनी आणि शेजारच्या पत्रेवाल्याने मिळून उचलून आणलं होतं, असं नंतर कळलं. माझ्या लाल रेघा बघायला.

आत्या खाटेवर होत्या. मला बघून दोर धरून उठून बसल्या. मी माफी मागायला गेले होते, वाक्य जुळवून गेले होते.

"आत्या, मी त्या दिवशी जे बोलले..."

"फार छान बोललात. समजलं नाही, पण छान. बसा ना. खुर्चीवर नको, तिथनं काही दिसायचं नाही. खाली बसा, इथं, माझ्या डोक्याजवळ."

त्या पुन्हा आडव्या झाल्या. मी जमिनीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर डोकं नेलं. खिडकीत अख्खा रस्ता मावला होता. बेकरी, तिची पायरी, भांड्यांचं दुकान, वळणावरचं फुलांचं टोपलं, आणि येणारा माणूस टोपल्यापासून थेट बेकरीपर्यंत सबंध, चेहऱ्यासकट. कडेच्या त्या उतारामुळे खालचा रस्ताही कापला जात नव्हता. माझी सावलीची रेघ.

"तुम्ही चार वेळा आलात," आत्या म्हणाल्या. "पहिल्यांदा हिरवी ओढणी. चहा दोन वेळा अर्धा टाकला. एक डोळा मिटून पेन्सिल धरायचात. मी भावाला म्हटलं, हे बाई काय मोजतेय, जा विचार, आत बोलव."

मला वाटत होतं, मी त्या घराकडे बघते आहे.

मग त्यांनी मला समोरच्या घरांबद्दल सांगितलं. पंचावन्न वर्षं एकाच जागेवरून बघितल्यावर माणूस जे सांगतो ते आमच्या पाठ्यपुस्तकात नसतं. भांडेवाल्याच्या घराला वर चार खिडक्या आहेत, पण एक कधीच उघडत नाही, मागे जिना आहे. बेकरीची गच्ची नंतर चढवली, म्हणून तिचा कठडा खालच्या कमानींशी जुळत नाही, "बघा, उसना आणल्यासारखा दिसतो." शेजारी नवीन झालेल्या मोबाइलच्या दुकानाला सगळी निळी काच, "तिला तोंडच नाही, सुम्ने चकाकते." मी तिथे बसून नोंदी करत होते. घरी येऊन वाचल्या तेव्हा लक्षात आलं, की लय, प्रमाण, भर आणि पोकळी, सगळं त्यात होतं, फक्त एकही पारिभाषिक शब्द नव्हता. आमच्या विद्यापीठात अशी उत्तरपत्रिका नापास होते.

इथेच हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण व्याख्यान यशस्वी झालं की त्याचे परिणाम भोगावे लागतात. माझ्या त्या चर्चासत्राला मोहल्ल्यातले दोन-तीन व्यापारी आले होते. त्यांना कळलं की आपला रस्ता सुंदर आहे, आणि सुंदर आहे म्हटल्यावर तो सुधारलाच पाहिजे. त्यांनी एक समिती केली. अध्यक्ष एक निवृत्त अभियंता. सगळ्या घरांना एक रंग, एकसारखे फलक, दर्शनी भागांची डागडुजी. नकाशे करायला एक तरुण आर्किटेक्ट नेमला. माझाच माजी विद्यार्थी. दृश्यरचनेत मी त्याला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले होते.

एके दिवशी काका कॉलेजात आले, हातात गुंडाळी. "मॅडम, हे स्वल्प बघा. यात आमच्या खिडकीवर काट मारलीय, की मला चष्मा बदलायला पाहिजे?"

चष्मा ठीक होता. नकाशात तीन दारं होती, तीन खिडक्या होत्या, कमळ होतं. चौथ्या खिडकीच्या जागी स्वच्छ भिंत होती आणि बाजूला सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'नंतरची भर काढून मूळ सममिती पुन:स्थापित करणे'. ही भाषा माझी होती. शब्द न् शब्द माझ्या वर्गातला होता.

बैठकीला मी काकांबरोबर गेले. भांडेवाल्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आठ-दहा जण बसले होते. काकांनी खरं ते सांगितलं. अक्का खाटेवर आहे, तिथून बघते, तेवढंच तिचं बाहेर आहे.

"भावना समजू शकतो," अध्यक्ष म्हणाले. "पण बाकी तीन खिडक्या आहेत ना? तिथून बघू दे."

"त्या उंच आहेत, सर. तिला उभं राहता येत नाही."

"मग खाट उंच करा. पायांखाली विटा लावा."

"मग पडली तर?"

"कठडा लावा खाटेला." अध्यक्षांना सगळ्यावर उपाय सापडत होते. शेवटी ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीच सांगा. एका माणसासाठी अख्ख्या रस्त्याची रचना बिघडवायची का?"

मी माजी विद्यार्थ्याकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता. खोलीत कुणी दुष्ट नव्हतं. सगळ्यांना मोहल्ला छान दिसायला हवा होता. एक म्हातारी बाई रस्ता बघते, हे कारण त्यांना कारणच वाटत नव्हतं. आणि माझ्या लक्षात आलं, की काकांनी खरं सांगून झालंय, आता खोटं सांगायची पाळी माझी.

मी पिशवीतून चर्चासत्राचा कागद काढला आणि टेबलावर पसरला.

"भावनेचा प्रश्नच नाही," मी गंभीरपणे म्हणाले. "प्रश्न भूमितीचा आहे. ही तिरकी रेघ बघा, आणि ही. दोन्ही कुठे छेदतात? इथे. ही खिडकी काढली तर दर्शनी भागाचा गुरुत्वबिंदू ढळतो. कमळ हवेत तरंगायला लागेल. बाहेरचा कुणी जाणकार आला तर पहिलं हेच विचारेल, की इथली खिडकी कुणी बुजवली?"

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि माझ्या जाड मार्करवरून बोट फिरवलं. मग माजी विद्यार्थ्याला विचारलं, "हे बरोबर आहे का?"

त्याने पट्टी लावली. एकदा लावली, परत लावली. त्या रेघा नीट छेदत नाहीत हे त्याला तिथेच दिसलं असणार, हुशार मुलगा होता. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "माझ्या लक्षात आलं नव्हतं. सॉरी, मॅम."

"असं शास्त्र आहे होय यात!" अध्यक्ष म्हणाले, आणि खिडकी वाचली.

बाहेर आल्यावर काकांनी मला विचारलं, "मॅडम, ते कमळ खरंच तरंगलं असतं?"

"नाही हो, काका."

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि रस्त्यात थांबून इतके हसले की चष्मा पुसावा लागला. मला हसू येत नव्हतं. बारा वर्षांत माझ्या विश्लेषणाने कुणाचं काही भलं केलं असेल तर ते तेवढंच, आणि ते चुकीचं होतं.

खिडकी वाचली, पण आता ती शास्त्रीय झाली होती. समितीने तिच्याभोवती तपकिरी पट्टा काढला आणि समोरच्या खांबावर एक छोटा दिवा बसवला, संध्याकाळी तिच्यावर उजेड पडावा म्हणून. तो उजेड थेट आत्यांच्या डोळ्यांत जायचा. काकांनी तीन दिवस सहन केलं, चौथ्या दिवशी शिडी लावून दिव्याचं तोंड मोबाइलच्या दुकानाकडे फिरवलं. दुकानदार खूश आहे.

मुलीने तिचं काम सत्र संपताना पुन्हा जमा केलं. दर्शनी भाग काढलाच नव्हता. खाटेवर आत्यांच्या शेजारी पडून जे दिसतं ते काढलं होतं, वर तुळईचा आणि दोराचा तुकडा, आणि चौकटीत रस्ता. खाली विश्लेषण नाही, फक्त माप लिहिलं होतं: जमिनीपासून आत्याच्या डोळ्यापर्यंत इतकं. नियमानुसार त्याला गुण देता येत नव्हते, कारण प्रश्न दर्शनी भागाचा होता. मी प्रश्न खोडला आणि गुण दिले. त्यावर मला कार्यालयाला दोन पानी खुलासा लिहावा लागला. खुलाशात मी 'वेगळा दृष्टिकोन' हा शब्द चार वेळा वापरला आणि तो मंजूर झाला.

पुढच्या वर्षीपासून मी कामात एक अट घातली. इमारत काढण्याआधी बेल वाजवायची, आत जाऊन अर्धा तास बसायचं, तिथल्या माणसाशी बोलायचं. माझा आणि त्या चर्चासत्राचा किस्सा तोवर मुलांमध्ये पसरला होता. वह्या आल्या आणि मी वाचायला बसले. म्हैसूर शहरात अंथरुणाला खिळलेल्या आत्यांची साथ आली होती. प्रत्येक वाकड्या खिडकीमागे एक आजारी माणूस होता, प्रत्येक अरुंद दारामागे एक त्याग. एका मुलाने जयलक्ष्मीपुरममधल्या एका बंगल्याची गोल खिडकी निवडली होती. घरातले आजोबा जहाजावर होते, त्यांना समुद्राची आठवण राहावी म्हणून त्यांच्या लेकाने ती गोल करून घेतली, असं तीन पानं लिहिलं होतं. मला खरंच भरून आलं.

तो बंगला माझ्या रोजच्या वाटेवर आहे. एका संध्याकाळी मी बेल वाजवली. एक बाई बाहेर आल्या. मी आजोबांची चौकशी केली.

"कोण आजोबा?" त्या म्हणाल्या. "ती खिडकी होय? ती संडासाची. कंत्राटदाराकडे एक गोल चौकट उरली होती."

"पण आमचा एक विद्यार्थी येऊन गेला ना तुमच्याकडे? अर्धा तास बसला असेल."

"नाही बाई. आमच्याकडे कुणीच आलं नाही."

त्यांनी मला कॉफीला आत बोलावलं. मी गेले, बसले, त्यांच्याशी अर्धा तास बोलले. लिहिण्यासारखं काहीच निघालं नाही. घरी जाऊन मी त्या मुलाची वही पुन्हा उघडली. आराखडा अचूक होता, गोष्ट उत्तम होती, आणि खिडकीच्या मध्यातून जाणारी लाल रेघ चांगली जाड होती. मी पाच गुण कापले आणि समासात लिहिलं, 'बेल वाजवून ये.'